बारा महिन्यांच्या सह्या

दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं नंबराची वाट बघत बसलं होतं. नवरा उठून भिंतीवरचं आग विझवायचं सिलिंडर न्याहाळू लागला.

“अहो, बसा. तपासनीस होतात, आता रिटायर झालात.”

“हे दरमहा तपासणीचं कार्ड बघ. बारा महिन्यांच्या सह्या एकाच दिवशी ठोकल्यात. आत पावडरीचा दगड झाला असेल.”

“तुम्ही वर्षभर बाहेरगावी गेलात, तेव्हा निघण्याआधी घरच्या अशाच सिलिंडरच्या कार्डावर हेच केलं होतंत.”

“घरचं कोण बघणार होतं?”

“मी बघत होते. दर एक तारखेला उलटं करून हलवायचे, पावडर सरकते का ते कान लावून ऐकायचे.”

“कशाला?”

“तुमची सही खोटी पडायला नको म्हणून.”

“कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही तरी कुठे बोललात?”

“बरं, ऐक. आज घरी गेलो की कार्डावर तू सह्या करून ठेव. तुझ्या ऑपरेशननंतर सिलिंडर मी हलवत जाईन.”

“किती महिन्यांच्या करू?”

“बारा.”

“आधी डॉक्टर काय म्हणतात ते तर ऐकू.”

“ऐकू. पण सह्या तू बाराच्या बारा कर.”