डेमोची खोली

ओढू नका सर, ओढू नका आता, काही उपयोग न्हाई — हे बगा, हँडल माझ्या हातात आलं. अख्खं. बाहेरचं बराबर हाये, बाहेरून लहान लेकरू बी उघडील, आतलंच तेवढं ढिलं व्हतं. आता खोटं कशाला बोलू, मला माहीत व्हतं. दोन महिने झाले ढिलं व्हतं. पण उद्या सुतार येणार, अख्खं दारच काढायचंय, मंग हँडलावर कशाला मेहनत करायची म्हणलं — ही आमची अक्कल. स्क्रू फिरवायला पेचकस? पेचकस बाहेर काउंटरवर. माझा मोबाईल बी काउंटरवर, चार्जिंगला. तुमच्यात बगू नका, रेंज येत न्हाई इथं कोणालाच. भिंतीला आधी पत्रा, त्याच्यावर काथ्या, वरून फोम — सवताच्या हातानं ठोकलंय म्या, सहा महिने लागले. बाहेर मस्तगडचे सगळे रिक्षावाले हॉर्न मारून राह्यले आसतील, तुम्हाला येतंय काही ऐकू? न्हाई ना? तसंच आपलं बी बाहेर जात न्हाई. बसा. घाबरायचं काम न्हाई, चार वाजता पुष्पाबाई चहा घेऊन येती, ती सरळ दार लोटून आत शिरती. तुमच्या घड्याळात किती झाले? पावणेबारा? बराबर बगा बरं... बरं.

न्हाई न्हाई, मला कशाची घाई? आपण तुमचं बोलू. हॉल बारा बाय अठरा म्हणले, खाली फरशी, पडदे अजून लावले न्हाईत — मंग आवाज फरशीवरून उसळून अंगावर येणार. आधी एक जाड सतरंजी टाका, मंग स्पीकर. आणि ते पाच-पाच, सात-सात डबे घेऊ नका. लोकाला वाटतं जितके डबे तितका पिच्चर भारी. बिलकुल न्हाई! गाणं बी ऐकायचं, पिच्चर बी बगायचा, तर पहिले दोन घ्या, पण चांगले घ्या. समोर ठेवा, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील आसे, भिंतीपासून हातभर पुढं. बाकीचे मंग पुढच्या दिवाळीला. आत आसतं तरी काय हो? कागदाचा कोन, मागं लोहचुंबक, मधी तारेची गुंडाळी. कोन पुढंमागं हलतो, हवा ढकलतो, झालं. पण ढकलण्या-ढकलण्यात फरक हाये. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ढोल लावून दाखवा. आरं ढोल तर कोणता बी डबा वाजवतो! माणसाचा आवाज लावा. हळू बोलणारी बाई लावा. मघाशी म्या पेन ड्राइव्हवरचं पहिलं लावलं व्हतं, ती बाई लेकराला निजवताना गोष्ट सांगती ते — ऐकलं ना तुम्ही, ती मधी श्वास घेती? आणि "मंग"च्या आधी जरा थांबती, लेकरू झोपलं का बगती? ते ज्या स्पीकरात ऐकू येतं तो घ्या. डोळे झाकून घ्या. बारा वर्षांत हेच केलंय म्या, माझ्या कानातून काही सुटत न्हाई.

कितीला टेकला काटा? आँ? बाराला दहा कमी. — काय म्हणले? आवाज वाढवू? बास, तो खालचा जाड आवाज, पूर्ण सोडू म्हणता, म्हणजे बाहेरच्याला कळंल. हो, बास जातो बाहेर. बाकी काही जात न्हाई, पण बास जातो जमिनीतून, धप धप धप, काउंटरवरचा ग्लास हलतो. बात बराबर हाये तुमची. पण — ए, हात लावू नका त्याला! लावू नका म्हणलं ना! ...माफ करा. ओरडलो मी. माफ करा सर, तुम्ही गिऱ्हाईक माणूस. बसा. शेजारचे येणार न्हाईत हो त्यानं, त्यांना सवय झाली, ते म्हणतात चालू झालं अंगदचं. आणि दुसऱ्या कोणी ऐकलं तर — दुसऱ्या कोणी ऐकायला नको.

शालू येणार हाये. आमच्या घरची. बारा वाजता. आठ दिवस झाले, टेंभुर्णीला गेलती माहेरी, पायलला घेऊन — पायल म्हणजे आमची पोरगी, चार वर्षांची. काल फोनवर म्हणली, "बाराला येते. तुम्ही काउंटरवर दिसले तर पिशवी घेऊन घरात जाते. न्हाई दिसले तर उभ्या उभ्या माघारी, मंग बोलवायला बी येऊ नका." एवढंच. रागानं बी न्हाई म्हणली. रागानं म्हणली आसती तर मला भेव वाटलं नसतं.

तुम्ही म्हणाल काय एवढं? सांगतो. आमचं घर ह्याच दुकानाच्या मागं हाये. म्या ही खोली बांधली ती गिऱ्हाईकासाठी, खरंच गिऱ्हाईकासाठी — पण मंग दुपारी कोणी नसलं की मीच यायला लागलो. आतून कडी लावायचो. बाहेर सारखं काही ना काही आसतंच ना हो, हे आणा, ते संपलं, भाऊ काय म्हणला, आई काय म्हणली. इथं कोणी काही म्हणत न्हाई. तर एक दिवस पायलच्या हातावर कढईतलं तेल पडलं. शालूनं पाव तास दार बडवलं. पाव तास सर! ह्याच दाराला. मी त्या कोपऱ्यात बसून दोन स्पीकरातला फरक ऐकून राह्यलो व्हतो. मंग तिनं एकटीनं लेकराला रिक्षात टाकून दवाखान्यात नेलं. मला संध्याकाळी समजलं. पोरीचा हात बरा हाये आता, डाग राह्यला.

मंग म्या कडी काढून फेकली. आणि तो लाल बल्ब बसवला, ते बगा दारावर. दुकानाचं काचेचं दार कोणी उघडलं की तो लागतो. एकदा लागला, कोणीतरी आलं. परत लागला, गेलं. चांगली युक्ती ना? शालूला दाखवला तवा ती हसली बी. पण...

पण काही न्हाई. सोडा.

...मागच्या मंगळवारी लागला. दुपारची वेळ व्हती, गिऱ्हाईक नव्हतं, मला माहीत व्हतं तीच हाये. ती आली की दोन-चार मिनिटं उभी राहती. म्या बल्ब बगितला सर. बगितला आणि उठलो न्हाई. थोडं वाट बगेल, जाईल, म्हणलं. परत लागला. गेली. रात्री जेवताना तिनं विचारलं, "बल्ब लागला नव्हता का?" आणि मला खोटं बोलता आलं न्हाई. एवढ्या वक्ताला यायला पाहिजे व्हतं खोटं! सकाळी तिनं पिशवी भरली. म्हणली, त्या दाराला मी परत हात लावणार न्हाई.

म्हणून तर सुतार बोलावला. उद्या ही खोलीच काढून टाकणार, फोम-बिम सगळं. तिला सांगितलं न्हाई अजून, समोर सांगणार व्हतो. आणि सर, तुम्ही तर बाहेरच ऐकतो म्हणले व्हते ना? तुम्ही बिचारे उभ्यानं ऐकणार व्हते. म्याच म्हणलं, चला, आत चला, पाच मिनिटं. शेवटचं एकदा. म्याच ओढून आणलं तुम्हाला. काय म्हणावं ह्याला? घोड्यासारखा वाढलोय नुसता.

किती झाले आता? बा—

लागला! सर, बल्ब लागला, बगा! शालू! ए शालू! आत हाये मी, दार आटकलंय, शालू! — मारा सर, तुम्ही बी मारा, दोन्ही हातानं! शालू! ... थांबा. थांबा जरा. हळू. ती काउंटरजवळ आसेल. मोबाईल दिसंल तिला तिथं, चार्जिंगला लावलेला, म्हणजे कळंल कुठं लांब गेलो न्हाई. पेचकस दिसंल. तिथून ह्या दारापर्यंत पाच पावलं हायेत सर, मोजलेली. हँडल खाली दाबायचं, बस. तुला काहीच करायचं न्हाई बाई, एकदा हात लाव. एकदा. शपथ मोड, म्या काय तुला बोलणार हाये? उद्या सुतार येणार हाये गं. ये ना.

...

लागला परत.

न्हाई, गिऱ्हाईक आसू शकतं. गिऱ्हाईक बी आसू शकतं ना सर? आलं, कोणी दिसलं न्हाई, गेलं. तुमच्या घड्याळात किती? ...बारा. बराबर बारा.

बसा. चारला पुष्पाबाई येईल. काय म्हणत व्हते तुम्ही मघा, बास? न्हाई, बास नको आता. तो पेन ड्राइव्ह लावा, पहिलंच लावा, गोष्टीचं. त्या बाईचा आवाज कोणाचा हाये ते तुम्ही विचारलंच न्हाई. तिला माहीत न्हाई म्या कधी भरून घेतला ते. लावा. थोडा कमी ठेवा — हां, एवढाच. आता ती श्वास घेईल बगा.

बोलू नका सर.