मधुमतीच्या डाव्या खांद्याचा दस्ता

...आणि वर म्हणतो काय, तर "त्यात काय आहे एवढं! दोन स्क्रू काढायचे, दोन स्क्रू लावायचे!" आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं बाथरूमचा गळका नळ वर्षानुवर्षं "प्लंबर बघेल" म्हणून तसाच गळू दिला, त्यानं हे बोलावं? आणि कशाबद्दल? कपाटाच्या बिजागरीबद्दल? नाही हो! रायफलीबद्दल! खरीखुरी रायफल! बर्मिंगहॅममध्ये, किंग्ज हीथला, मागच्या गॅरेजमध्ये, लॉनमोअर आणि बासमतीच्या पोत्याच्या मधोमध!

दचकू नका, दचकू नका. बंदूक त्याची नाहीच मुळी. बायकोची आहे. आता दचका!

हा आमचा कमलाकर. गाड्यांच्या गिअरबॉक्सची तपासणी करण्यात जन्म गेला, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढणं हा त्याचा धंदा. आणि बायको मधुमती, हॉस्पिटलात फार्मसिस्ट, मूळची साताऱ्याची, कॉलेजात एनसीसीत होती, तिथं नेम धरायची. इकडे आल्यावर हॉस्पिटलातल्या एका मैत्रिणीबरोबर रायफल क्लबात गेली आणि रमली. आपल्या बायका शुक्रवारी भजनाला जातात, ही चटईवर पालथी पडून कागदाच्या ठिपक्यावर गोळ्या मारते. लायसन्स, भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट, गोळ्या वेगळ्या कुलपात, सगळं रीतसर हो!

अडचण एकच. बाई डावखुरी. आणि तुम्हाला सांगतो, डावखुऱ्या बाईचे आपल्याकडे काय हाल करतात ते तिलाच विचारा! प्रसादाला हात पुढे केला की "त्या हातानं नाही गं!" पाटीवर डाव्या हातानं लिहिलं की फटका. एनसीसीत सुभेदार ओरडायचा, "दाहिना कंधा! दाहिना!" आणि इथं क्लबात येऊन बघते तर तिला मिळालेली जुनी रायफलसुद्धा उजव्याच खांद्याची! म्हणजे तो दस्ता हो, ते लाकूड, जे खांद्याला टेकवायचं नि गालाला लावायचं. मग ही डाव्या डोळ्यानं बघायला मान अशी वाकडी करायची की बघणाऱ्याचं मानेचं दुखणं वर यावं. क्लबची कॅप्टन म्हणाली, "मधू, लव्ह, पुढच्या शनिवारी ब्रिस्टलची टीम येतेय. तुझा दस्ता डावा असता ना, तर तुला पहिल्या फळीत घेतलं असतं. या मानेनं मी तुला राखीवच ठेवणार."

घरी आली आणि जेवताना म्हणाली, "पन्नाशी उलटली. एकदा तरी मला माझ्या हातानं नेम धरायचाय." बस्स, एवढंच. आणि ते ऐकून कमलाकरनं हातातला घास तसाच ताटात ठेवला. खरंच ठेवला, मला त्यानं स्वतः सांगितलं. त्या जुन्या मॉडेलला डावा दस्ता तयार मिळत नव्हता. एका दुकानदाराकडे अक्रोडाचा अर्धवट कोरलेला डावा ठोकळा तेवढा होता. गनस्मिथ म्हणाला, ख्रिसमसनंतर बघू. तेव्हा हा वीर उठला, हात धुतला आणि म्हणाला... काय म्हणाला? बरोब्बर! "मी करतो घरी! दोन स्क्रू काढायचे, दोन स्क्रू लावायचे!"

पहिला स्क्रू. स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमधला स्क्रूड्रायव्हर घेतला, तोच, ज्यानं रंगाच्या डब्यांची झाकणं उघडतात. लावला. फिरवला. सर्रकन् सटकला! स्क्रूच्या डोक्याला ओरखडा आणि मधुमतीच्या तोंडून "आई गं!" जणू तिच्याच कपाळाला लागलं! मग साहेब बसले कॉम्प्युटरसमोर. ब्रॉडबँड नुकतंच घरात आलेलं, बंदूकवाल्यांच्या एका फोरमवर प्रश्न टाकला. एकानं उत्तर दिलं, पातं खाचेत इंचन् इंच भरलं पाहिजे, ढिलं असलं की घात. दुसऱ्यानं लिहिलं, "टेक इट टू अ गनस्मिथ, मेट." तिसऱ्यानंही तेच. चौथ्यानंही तेच! पण कमलाकरनं पहिल्याचंच ऐकलं, पातं ग्राइंडरवर घासून घासून खाचेच्या मापाचं केलं, आणि तुम्हाला सांगतो, स्क्रू असा अलगद सुटला की हा गॅरेजमध्ये एकटाच टाळ्या वाजवत बसला. दोन स्क्रू निघाले. अर्धं काम झालं म्हणाला. अर्धं!

आता बंदुकीचं लोखंड नव्या लाकडात बसायला हवं, आणि नुसतं बसून चालत नाही, कागदसुद्धा सरकू नये असं बसायला हवं. युक्ती काय, तर लोखंडाला काळं फासायचं, लाकडात ठेवायचं, उचलायचं, जिथं काळा डाग पडला तिथं पटाशीनं हलकं खरवडायचं, की पुन्हा काळं, पुन्हा ठेवा, पुन्हा उचला. ते खास काळं मिळतं दुकानात. पण दुकानात जाईल तो कमलाकर कसला? सासूनं साताऱ्याहून मुलीच्या बारशाला पाठवलेली काजळाची डबी काढली! घरचं काजळ! तुपातलं! आणि गंमत बघा, झकास चाललं हो! डाग असा स्वच्छ उठायचा की काय सांगू. फक्त तो डाग लाकडावर थांबला नाही. केटलवर काजळ, फोनवर काजळ, लँडिंगच्या पांढऱ्या भिंतीवर पाचही बोटं! ईशिता, म्हणजे मुलगी, इथंच जन्मलेली, कौन्सिलमध्ये नोकरीला, संध्याकाळी आली नि दारातच थबकली. "बाबा, तुमचा नाक काळी आहे! आर यू ओके?" हा म्हणतो, "प्रिसिजन वर्क चाललंय!"

आणि बसलं हो शेवटी लोखंड! मी खोटं कशाला बोलू? अंगठीत खडा बसावा तसं बसलं. इथंच थांबला असता तर? पण फोरमवर कुणीतरी लिहिलेलं, की बारीकशी पोकळीसुद्धा राहू नये म्हणून आत इपॉक्सी, म्हणजे दगडासारखा घट्ट होणारा डिंक, भरावं, मात्र आधी चिकटू नये असं काहीतरी लावावं, नाहीतर जन्माची गाठ. कमलाकरचे डोळे चमकले. "म्हणजे वड्यांसारखंच की! ताटाला तूप लावतो तसं! त्यात काय आहे एवढं!" आणि लावलं तूप. साजूक. कुठं लावलं? विचारा ना! दस्त्याला! कारण ह्याच्या डोक्यात दस्ता म्हणजे ताट, बंदूक म्हणजे वडी! अक्रोडाचं कोरडं लाकूड, त्यानं ते तूप गटागटा पिऊन टाकलं, वर इपॉक्सी ओतलं, वर कोरडीठाक बंदूक दाबली, दोन स्क्रू लावले, आणि हात झटकत चहाला गेला.

दुसऱ्या दिवशी स्क्रू काढून ओढतो, निघेना. हलवतो, निघेना. मधुमतीनं दस्ता धरला, ह्यानं नळी, दोघं रस्सीखेच खेळल्यासारखे गॅरेजभर फिरले, निघेना! "तूप लावलंत ना?" "लावलं की!" "कशाला?" "ताटाला!" आणि मग बाई जी भडकली! "अहो, वडी म्हणजे तो डिंक! डिंक लाकडाला चिकटायलाच हवा! ताट म्हणजे बंदूक! इतकी वर्षं वड्या खाता, थापल्यात कधी?" कमलाकर उलट्या बादलीवर बसला. बुधवार होता, शनिवारी मॅच. बायकोनं जन्मात एक गोष्ट मागितली आणि ती आपण लाकडात चिणून टाकली, असं त्याच्या मनात आलं आणि त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. ते बघून तिचा राग विरघळला. म्हणाली, "उठा. एकात एक फुलपात्रं अडकली की काय करतो आपण? गार करतो. लोखंड आकसतं. डीप फ्रीझर उघडा."

म्हणजे मंडळी, चित्र डोळ्यांसमोर आणा. गॅरेजमधला तो आडवा मोठा फ्रीझर. त्यात खवलेला नारळ, निवडलेली मेथी, गणपतीच्या उरलेल्या पुरणपोळ्या, आणि त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी... रायफल!

आणि गुरुवारी सकाळी बेल वाजते. दारात कोण? फायरआर्म्स खात्याचे मिस्टर प्रिचर्ड! लायसन्सच्या नूतनीकरणाची तपासणी! कॅलेंडरवर लिहिलेलं, या धांदलीत बघतंय कोण! मोठा माणूस, मिशीवाला, जुना पोलिस. कपाट उघडायला लावलं. आत काय? बोल्ट, म्हणजे बंदुकीचा तो सुटा निघणारा खटका. आणि हवा.

"अँड व्हेअर इज द रायफल, मॅडम?"

मधुमती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "इन द फ्रीझर."

केटलसुद्धा थांबली म्हणे. कमलाकरला वाटलं, गेलं लायसन्स, गेली मॅच, गेली अब्रू, आता मंडळाच्या दिवाळीला लोक विचारणार, काय हो, जामीन कुणी दिला? आणि घाईघाईनं बोलून बसला काय, तर "सर, फ्रीझर हॅज अ लॉक!"

प्रिचर्डसाहेब गॅरेजमध्ये आले. झाकण उघडलं. मेथी बघितली. बंदूक बघितली. कमलाकरकडे बघितलं. "बेडेड इट, डिड यू? अँड फरगॉट द ग्रीस?" म्हणजे, आत डिंक भरलात आणि वंगण विसरलात ना? मग खो खो हसायला लागला हो तो माणूस! चाळीस वर्षं नेमबाजी करणारा निघाला! म्हणे, ज्यानं घरी दस्ता बसवला आणि एकदा चिकटवला नाही असा माणूस मी पाहिला नाही. मग मधुमतीला, इथल्या लाडाच्या बोलीत, "राइट, बॅब, मला बंदुकीवरचा नंबर तर वाचायचाच आहे. काढा बाहेर. तुम्ही धरा, मी धरतो, आणि मारायला लाकडाचं काही आहे?" ऑफिसला निघालेली ईशिता धावत जाऊन लाटणं घेऊन आली! टॉवेल गुंडाळला. कमलाकरनं मनातल्या मनात गणपतीचं नाव घेतलं आणि मारलं... टक्! काही नाही. पुन्हा... टक्! आणि तिसऱ्याला असा सुरेख कडाक् आवाज झाला आणि बंदूक सुटली! सुटली! घरचे तिघं गॅरेजमध्ये नाचायचेच बाकी राहिले. साहेबांनी अंगठ्यानं बर्फ पुसला, नंबर वाचला, आणि जाताना बजावलं, "काम चालू असताना नजरेआड करायची नाही. काम झालं की कपाटात. फ्रीझर इज नॉट अ कॅबिनेट, सर." आणि हो, खुशाल दोन पुरणपोळ्या खाऊन गेले.

मग काय! जुनं इपॉक्सी खरवडलं, तुपकट लाकूड पुसून कोरडं केलं, पुन्हा भरलं. या खेपेला मधुमती डोक्यावर उभी. तूप लोखंडाला, उरलेलं वरणाला! शुक्रवारी एका टिचकीत सुटलं. गाल टेकतो तिथं कानशीनं उतार दिला, काचपेपर मारला, जवसाचं तेल तळहातानं चोळलं, आणि अक्रोडाच्या त्या रेषा अशा खुलल्या की ईशिता म्हणाली, "बाबा, हे तू केला? सीरियसली?" आणि मग... दोन स्क्रू लावले!

शनिवार. चर्चच्या मागचा लांबोळका हॉल. मधुमती पहिल्या फळीत! चटईवर आडवी झाली, दस्ता डाव्या खांद्याला लावला, डावा गाल टेकवला, आणि मान? सरळ! आयुष्यात पहिल्यांदा सरळ! कमलाकर मागं उभा, तिच्यापेक्षा जास्त घामाघूम. दहा गोळ्या. कागद आला. शंभरात नव्व्याण्णव! ब्रिस्टलवाले एका गुणानं गेले! कमलाकर असा ओरडला की कॅप्टननं त्याला बाहेर काढायचं तेवढं बाकी ठेवलं. आणि मधुमती उठली, कानावरचं काढलं, सगळ्यांसमोर रडली, आणि त्याच डाव्या हातानं नवऱ्याचा हात धरून म्हणाली, "ह्यांनी केलाय."

अख्खा क्लब दस्त्यावरून हात फिरवायला लागला. गनस्मिथला ख्रिसमसनंतर जे जमणार होतं ते ह्या पठ्ठ्यानं लाटण्यानं करून दाखवलं! कॅप्टन कमलाकरला म्हणाली, "कम ऑन, केके, तूही मार एक, तुझा मान आहे." छाती फुगवून हा चटईवर आडवा झाला. दस्ता खांद्याला लावतो, तर बगलेत शिरतो. गाल टेकवतो, तर उंचवटा भलत्याच बाजूला, सरळ नाकावर! लांबीला आखूड, पकडीला उलटा. वळवळ वळवळ केली, काही जमेना.

मधुमती वाकून हळूच म्हणाली, "अहो, उठा. तो तुमच्या मापाचा नाहीये."

कमलाकर नाक चोळत उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "ठाऊक आहे गं. घरातलं माझ्या मापाचं आहे तरी काय?"