बाईंनी अडवून ठेवलेला शब्द

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील ज्येष्ठ मंडळी, शब्दकोश कार्यालयातले माझे सहकारी, आणि ज्यांच्या निरोपासाठी आज ही सभा भरली आहे त्या आपल्या संपादक बाई. मी मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरतो. माइकसमोर पहिल्यांदाच उभा आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

बाईंचा नियम इथे सर्वांना पाठ आहे. अर्थ टेबलाशी बसून लिहायचा, पण छापायला सोडण्याआधी तो शब्द बाहेरच्या तीन माणसांना विचारायचा आणि त्यांचं बोलणं जसंच्या तसं चिठ्ठीवर उतरवायचं. या नियमापायी आम्ही बाईंच्या नावानं किती बोटं मोडली, ते आज कबूल करायला हरकत नाही.

दोन वर्षांपूर्वी 'सिनेमा' हा शब्द आला. बाईंनी लिहिलं, 'पडद्यावर हलत्या चित्रांतून पाहायची गोष्ट, तसेच ती दाखवण्याची जागा.' यात खोट कोण काढणार? एक चिठ्ठी तिकीट फाडणाऱ्याची मिळाली, एक शिंपीणबाईंची. तिसरी राहिली आणि खंड चार दिवसांत छापखान्यात जायचा होता. मी म्हटलं, "बाई, माझं घर दोन गल्ल्यांवर आहे. आमच्या अण्णांना विचारा आणि मोकळ्या व्हा."

अण्णा म्हणजे माझे वडील. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. ते माझ्या डोक्यातच आलं नाही. घरच्या माणसाचं असंच होतं.

बाईंनी विचारलं, "अण्णा, सिनेमा म्हणजे काय हो?"

अण्णा म्हणाले, "अंधारात शेजारी बसून आपलं माणूस कानात सांगतं ना, की आता ती दार उघडतेय, तो सिनेमा."

"शेवटचा कधी पाहिलात?"

"याची आई गेली, त्याच्या आदल्या शनिवारी. सहा वर्षं झाली."

मी चहाचे कप घेऊन दारात उभा होतो. आईनंतर अण्णांनी दोनदा मला 'नेशील का' म्हणून विचारलं होतं. दोन्ही वेळा मी विषय बदलला. चारचौघांत कुजबुजायची लाज वाटायची, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खंडाची छपाई थांबवली. अध्यक्ष महोदय, तेव्हा आपण त्यांना जे बोललात ते जिन्यापर्यंत ऐकू येत होतं, क्षमा असावी. बाई एवढंच म्हणाल्या, "मला हा शब्द अजून कळलेला नाही." तीस वर्षं शब्दांत काढलेलं माणूस हे म्हणतं! मी थक्क झालो, आजही आहे.

त्या शनिवारी बाई अण्णांना घेऊन गेल्या. मी गुपचूप मागच्या रांगेत बसलो. किती कमी बोलत होत्या त्या. "पाऊस." मग बराच वेळ काही नाही. "तो वळला. ती हसली, पण मनापासून नाही." अण्णांचा श्वास त्या शब्दांबरोबर अडायचा आणि सुटायचा. समोर एवढा मोठा पडदा, पण मी त्या दोन डोक्यांकडेच बघत राहिलो.

बाहेर पडताना अण्णा म्हणाले, "आमची ही फार बोलायची. तुम्ही नेमकं सांगता. पण आज एक शंका आली बघा. तिच्याबरोबरच्या एकाही सिनेमाचा शेवट वाईट झाल्याचं मला आठवत नाही."

त्यानंतर बाईंनी एकही शनिवार चुकवला नाही. खंड नऊ महिने रखडला आणि 'सिनेमा'चा तिसरा अर्थ अण्णांच्या शब्दांत छापला गेला. आता बाई दुसऱ्या गावी, बहिणीकडे राहायला चालल्या. परवा बाईंबरोबरचा शेवटचा सिनेमा पाहून अण्णा घरी आले, काठी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, "चला, संपलं."

अण्णा इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. अण्णा, येत्या शनिवारची दोन तिकिटं मी काढली आहेत. मला बाईंसारखं नेमकं जमणार नाही, आईसारखं भरमसाट बोलेन. शेवट वाईट निघाला तर काय सांगायचं, तेवढं बाईंनी जाण्याआधी मला शिकवून जावं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर पदरात घ्या. दुसऱ्यांच्या चुका रोज सापडतात, स्वतःची सापडायला मला आठ वर्षं लागली.