डाव्या टॅकलचं जेवण

...नाही, पण मला एक सांगा, जेवायला घालणं हा गुन्हा आहे का? आं? कुठल्या कायद्यात लिहिलंय? मी काय विष घातलं? जेवायला घातलं! आणि त्यावर सगळं गाव माझ्याकडे बघून टाळ्या वाजवतंय... टाळ्या! उभं राहून! तुम्हाला सांगते, शिव्या दिल्या असत्या तर मी शिव्यांनी उत्तर दिलं असतं, त्यात मी कमी नाही, माझ्या नवऱ्याला, ग्लेनला विचारा. पण टाळ्यांना काय उत्तर द्यायचं? हसले. दात दाखवले. सगळे.

तुम्हाला आमच्या अमेरिकन फुटबॉलमधला डावा टॅकल म्हणजे काय ते माहीत असेलच. नसेल तर तुमचा जन्म सुखात गेला असं समजा. क्वार्टरबॅक, म्हणजे तो बॉल फेकणारा देखणा पोरगा, ज्याच्यावर सगळ्या मुली जीव टाकतात, त्याच्या पाठीमागून एक राक्षस धावून येतो. त्या राक्षसाला अडवायचं काम डाव्या टॅकलचं. अडवलं तर कुणी नाव काढत नाही. नाही अडवलं तर रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबासुद्धा आमच्याच बाकाकडे बघून प्रवचन देतात. अशी ही मेली जागा! पण आमच्या ड्राय फोर्कमध्ये त्या जागेसाठी लोक काय वाटेल ते करतात. माझे सासरे डावे टॅकल. माझा नवरा ग्लेन डावा टॅकल. दोघांचे फोटो न्हाव्याच्या दुकानात आरशावर टांगलेत, आणि शेजारी एक खिळा आहे. रिकामा. तो कुणासाठी? माझ्या गॅरेटसाठी! पोराचं शाळेचं शेवटचं वर्ष, यंदा नाही तर मग कधीच नाही, आणि न्हावी तर फ्रेमचं माप घेऊन बसलेला...

आणि अशात उगवला ऑगी प्रुइट.

आता हे ध्यान कसं, सांगते. उंची ही एवढी, दारातून येताना वाकायला लागतं, आणि अंगावर मांस म्हणाल तर खरवडून काढलं तरी एक सँडविच होणार नाही. कुंपणाच्या खांबाला शाळेचा शर्ट घातलाय असं वाटायचं. आई कधीच निघून गेलेली, राहतो मावशीकडे. ती मावशी गुरांचा ट्रक चालवते, घरात असते कमी आणि असली की झोपते, आणि स्वयंपाक? सकाळी दूध-कॉर्नफ्लेक्स, रात्री कॉर्नफ्लेक्स-दूध! मी म्हटलं, हा? हा माझ्या गॅरेटची जागा घेणार? मला हसूच आलं हो.

पण गावाला काय उद्योग! ऑगस्टचं ऊन, पोरांची प्रॅक्टिस, आणि डोनटच्या दुकानात सगळे म्हातारे न्यायाधीश होऊन बसलेले... "जमेल का रे ह्या पोराला?" "जमेल." "छ्या!" "अरे, पाय बघ त्याचे!" त्या ऑर्व्हिलला स्वतःच्या चपला सापडत नाहीत, तो पाय बघतोय! मी आपली डोनट घ्यायला गेले, तर तिथे कोच हॅडली. कोच म्हणजे... देवाच्या खालोखाल. मी सरळ विचारलं, "कोच, माझ्या गॅरेटचं काय?" तर टोपी काढून छातीशी धरली हो त्यानं! "डार्ला," म्हणे, "गॅरेट मनानं फार चांगला मुलगा आहे."

मनानं चांगला! लाइनवरच्या, म्हणजे पुढे उभं राहून धडका घेणाऱ्या पोराबद्दल कोच असं म्हणाला की समजायचं, आटोपलं. मनानं चांगली माणसं मैदानात काय करायचीत? "पाय जरा जड आहेत त्याचे," म्हणे. "आणि ऑगीचे? ऑगीचे पाय म्हणजे सोनं! तीस वर्षांत असे पाय मी पाहिले नाहीत, डार्ला. पण..." मी कसली थांबतेय त्याचं 'पण' ऐकायला! डोनटचा खोका उचलला, दार आपटलं आणि गाडीत जाऊन बसले.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आणि सकाळी उठून बाहेर येते तर सोफ्यावर ग्लेन. तोंड उघडं, पोट वर. आणि तुम्हाला सांगते, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! हाच ग्लेन, लग्नाच्या वेळी काय पळायचा! पोलिसांच्या गाडीपुढे पळालेला मी पाहिलाय. आणि आता? रिमोट खाली पडला तर पावसाळ्यापर्यंत तिथेच. का? माझ्या हातचं जेवण! जेवणानं माणूस मंदावतो याचा एवढा मोठा पुरावा माझ्या सोफ्यावर घोरतोय आणि मी डोनट घेत फिरतेय! ऑगीची सगळी मिजास त्या पायांवर ना? मग पायांवर ओझं टाका! आणि माझ्या गॅरेटचे पाय जड ना? मग ओझं उतरवा! इतकं सोपं! मी काय त्याचं तंगडं मोडणार होते? मी काय विष घातलं? जेवायला घातलं!

आणि सबब शोधायचीही गरज नव्हती. आमच्याकडे रीतच आहे, दर गुरुवारी लाइनवरची सगळी पोरं डाव्या टॅकलच्या घरी जेवतात. सासूबाईंपासून चालत आलंय, आणि यंदाची जागा ठरेपर्यंत जेवण आमच्याकडेच. क्वार्टरबॅकला बोलवत नाहीत, त्याचं तो बघून घेईल. तर गुरुवारी ऑगीला मी मुद्दाम माझ्या बाजूला बसवलं. तळलेलं बीफ, वर पांढरी ग्रेव्ही, लोण्यात कुस्करलेले बटाटे, पावासारखी गरमागरम बिस्किटं, आणि गोडाला सुक्या मेव्याचा पेकन पाय... "घे रे, आणखी घे." "हो मॅम." "ग्रेव्ही?" "हो मॅम, थँक्यू मॅम." एवढं मऊ बोलायचा मेला! बकासुरानं 'थँक्यू मॅम' म्हटल्यासारखं! मग मी म्हटलं, एका गुरुवारानं काय होतंय? "सोमवारी पण ये रे." "हो मॅम." "मंगळवारी?" "मॅम, तुम्हाला त्रास होईल." "त्रास कसला, सोन्या! तू खा." मावशीला फोन केला, तर ती कुठल्यातरी हमरस्त्यावरून रडते, "देव तुमचं भलं करो!" म्हटलं, करेल, करेल, तू ट्रककडे लक्ष दे.

आणि माझा गॅरेट समोर बसून सॅलडची पानं खातोय. पानं! "ममा, एक बिस्किट?" "नाही." "अर्धं?" "गॅरेट! आजोबांचा फोटो आठव." मग तो बिचारा त्या पानाकडे बघायचा... आमच्या बैलाचं तोंड असायचं तसं व्हायचं तोंड! एकदा तर बिस्किट उचललंही होतं मी, खोटं नाही सांगत. पण मी म्हटलं, आत्ता रडशील, पुढे नाव काढशील.

बरं, शाळेचा काटा या पोरांना पुरत नाही. उभी राहिली की काटा कडेला जाऊन अडकतो. म्हणून लाइनवरच्या पोरांची वजनं होतात ग्लेनच्या पेंडीच्या दुकानात, गुरांच्या काट्यावर. गुरुवारी ग्लेन घरी यायचा तो हसतच. "डार्ला, ऑगी भरलाय बरं का! मागच्या आठवड्यातली कालवड मागे टाकली!" मी मनात म्हणायची, शाबास. "आणि गॅरेट उतरलाय गं." मी म्हणायची, उत्तम. "अगं, पण..." "ग्लेन, तू गप्प बस." आता मला सांगा, या घरात आणि त्या दुकानात सगळ्या पुरुषांचं वाक्य 'पण'वरच का येऊन थांबतं? बोलून टाका ना एकदाचं! नंतर म्हणतो कसा, "तू बोलू दिलंस कुठे?" घ्या!

तर शनिवार उजाडला. पहिल्या सामन्याआधीचा शेवटचा शनिवार, आपली आपल्यातच झुंज, आणि त्यावर कोच ठरवणार. सगळं गाव मैदानाकडेच्या बसायच्या फळ्यांवर येऊन बसलेलं. मी पहाटे उठून ओव्हनमध्ये ब्रिस्केट, बीफचा हा एवढा तुकडा, मंद आचेवर ठेवून आलेले, गॅरेटसाठी! म्हटलं जागा मिळाली की पोराला पोटभर, मन भरून... आणि गॅरेटच्या नंबरचा शर्ट अंगात घालून मी पहिल्या रांगेत. समोरून धावून येणारा राक्षस म्हणजे बड स्ट्रिकलंडचा थोरला. त्याची मान नाहीच, खांद्यावर डायरेक्ट टोपी.

आधी गॅरेट. बॉल हलला, आणि तुम्हाला सांगते, माझ्या पोराचे पाय काय पळाले! हलके! फुलासारखे! मी उभी राहिले, ओरडले, "बघा! बघा पाय!" आणि तेवढ्यात त्या स्ट्रिकलंडनं माझ्या पोराला उचललं. ढकललं नाही हो, उचललं! बाजारातून पिशवी आणावी तसं नेलं चार पावलं आणि पाण्याच्या पिंपात बसवलं. बसवलं! पाय वर. ते सोन्यासारखे हलके पाय... हवेत. पुन्हा एकदा घेतलं, पुन्हा पिंप. फळ्यांवर कुणीतरी म्हणालं, "तहान लागली असेल." ते कोण म्हणालं ते मला माहीत आहे, आणि त्याच्या बायकोला मी सांगणार आहे.

मग ऑगी. स्ट्रिकलंड आला धावत, धडकला... आणि थांबला. संपलं. म्हणजे, भिंतीवर आपटून थांबावं तसा थांबला. पुन्हा आला, डावीकडून, ऑगी डावीकडे. उजवीकडून, ऑगी उजवीकडे. पाय तेच! तेच मेले सोन्याचे पाय! वजनाखाली एक इंच मंदावले नव्हते! तिसऱ्यांदा तर ऑगीनं त्याला आडवा केला, आणि हात देऊन उठवला, "लागलं नाही ना?" म्हणे. मी आपली बघतेय त्याच्या दंडांकडे. त्यातला प्रत्येक बटाटा मी ओळखत होते हो. मी सोललेला!

आणि मग कोचनं भोंगा हातात घेतला. "या पोराचे पाय सोन्याचे, हे मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. पण वाऱ्यानं उडायचा! मांस हवं होतं, नुसतं मांस! ते कुणी चढवलं? स्वतःचा मुलगा त्याच जागेसाठी झगडतोय, तरी या बाईनं परक्याच्या पोराला पोटच्या पोरासारखं जेवायला घातलं! डार्ला स्टकी, उभी राहा!" उभी राहिले. अंगात गॅरेटचा शर्ट. टाळ्या... पाद्रीबाबा डोळे पुसतायत! तेव्हा मला कळलं ते 'पण' काय होतं. आणि पिंपाशेजारी माझा गॅरेट, चड्डीतून पाणी गळतंय, आणि तोही टाळ्या वाजवतोय. मनानं चांगला ना! तेवढं मात्र मला बघवलं नाही. मी काय विष घातलं? विष घातलं असतं तर निदान उपयोग तरी झाला असता!

घरी आले, न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. माझ्या पोराची जागा गेली आणि ती मीच माझ्या पळीनं वाढून दिली होती. बऱ्याच वेळानं बाहेर येते तर स्वयंपाकघरात ऑगी, ताट विसळतोय. "मॅम, थँक्यू म्हणायला आलो होतो. मिस्टर स्टकी म्हणाले, बस, खाऊन जा." आणि मान खाली घालून म्हणतो, "मला असं कुणी कधी खायला घातलं नाही, मॅम." आता काय करायचं माणसानं? पळीनं मारायचं? "आणि कोच म्हणाले, डावा टॅकल आता मी, पण माझी मावशी तर घरी नसते, तर गुरुवारचं जेवण..." "इथेच," मी म्हटलं. "अख्खा मोसम. ये." बाहेर सोफ्यावर ग्लेन, तोंड उघडं, पोट वर.

मग आला गॅरेट. समोर बसला. मी म्हटलं आता रडेल, आता बोलेल, ममा तू हे काय केलंस म्हणेल... मी हात धरला त्याचा, मनगट केवढंसं झालं होतं हो! तो माझ्याकडे बघून हळूच म्हणतो, "ममा... आता तरी मला जेवायला मिळेल का?"

मी उठले, ओव्हन उघडला. रिकामा! ब्रिस्केटचं ताट ऑगीनं घासून ठेवलेलं. चकाचक. बटाटे नाहीत, बिस्किटं नाहीत, ग्रेव्हीचा थेंब नाही.

मग काय... सॅलडची पानं होती. तीच दिली.