माशाच्या तेलाच्या कॅप्सूल

नारायण पेठेतल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे उल्काताई नंबराची वाट पाहत बसल्या होत्या. तुळशीची माळ घातलेल्या एक बाई तपासून बाहेर आल्या आणि बाकावर टेकल्या. शेजारचे पेन्शनर गृहस्थ लगेच सरसावले.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“कॅप्सूल बंद करा म्हणाले. त्यानं हृदयाला फायदा होतोच असं नाही. माझी तर धडधडच वाढलीय.”

“कसल्या कॅप्सूल?”

“माशाच्या तेलाच्या. मुलगा अमेरिकेहून पाठवतो. तिकडचे डॉक्टर चांगल्या म्हणतात म्हणे.”

“गळ्यात माळ आणि पोटात मासा! वा!”

“देवाची क्षमा मागून घेते हो. एकादशीला तेवढी नाही घेत.”

“मग सुटलात की! तोंड का उतरलंय?”

“रविवारी त्याचा फोन येतो. ‘आई, कॅप्सूल घेतेस ना? संपत आल्या का? पाठवतो.’ की ठेवला.”

“एवढंच?”

“कॉम्प्युटरचं काम त्याचं. वेळ कुठला त्याला?”

“आता सांगून टाका, पाठवू नकोस म्हणून.”

“नको.”

“अहो, डॉक्टरांनी बंद केल्यात ना?”

“घेणार नाही मी. पण येऊ देत.”

“उगाच साठतील घरात.”

“साठू देत. खोक्यावर पत्ता त्याच्या अक्षरात असतो.”

गृहस्थांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. उल्काताईंच्या नावाचा पुकारा दुसऱ्यांदा झाला, तेव्हा कुठे तो त्यांना ऐकू आला.