शैलाकाकूंनी चालू ठेवलेलं कोर्ट

काका, रिया आणि जमलेल्या सगळ्यांनो,

माईकसमोर उभं राहायची मला कधी भीती वाटत नाही. उलट गणपतीत मला माईकपासून लांब कसं ठेवायचं, हाच आपल्या मंडळाचा प्रॉब्लेम असतो. आज मात्र या माईकसमोर यायला नको होतं. गेल्या मंगळवारी काकू गेल्या. समोर त्यांचा फोटो आहे आणि फोटोत काकू गप्प आहेत. शैलाकाकू आणि गप्प! पटतंय का कुणाला?

मला ओळखत नसाल तर सांगतो. मी हेमंत, काकूंचा डबल्सचा पार्टनर. मागच्या दोन रांगांत बसलेत ते आमच्या टेनिस क्लबचे मेंबर. त्यांना मराठी येत नाही. मी काकांना विचारलं, थोडं इंग्रजीत बोलू का? काका म्हणाले, "मराठीतच बोल. तिच्याकडून मराठीत ओरडा खायची सवय आहे त्यांना."

खरं आहे ते.

आता हे टेनिस कुठलं, ते सांगायला हवं. कारण तुमच्यापैकी निम्म्या लोकांना अजून वाटतं, काकू टीव्हीवर दिसतं तसलं टेनिस खेळायच्या. नाही हो. हा त्या टेनिसचा खापरपणजोबा. चार भिंतींच्या आत खेळतात. भिंतींना लागून उतरतं लाकडी छप्पर असतं. सर्व्हिस त्या छपरावर करायची. बॉल गडगडत येतो आणि खाली पडतो. अख्ख्या अमेरिकेत अशी कोर्टं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं एक आपल्या अ‍ॅशबर्नपासून अर्ध्या तासाच्या ड्राइव्हवर आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? मला नव्हतं. काकू लेकीला, लहानग्या रियाला, त्याच बिल्डिंगमध्ये स्विमिंगला न्यायच्या. भिंतीपलीकडून धाडधाड आवाज आला म्हणून डोकावल्या. डोकावल्या त्या आतच राहिल्या.

मी एकदा विचारलं, "काकू, तुमच्या सगळ्या मैत्रिणी पिकलबॉल खेळतात. तुम्हालाच ही अवघड भानगड कशाला?"

त्या म्हणाल्या, "हेमंत, रिटायर झाल्यापासून जिथे जाते तिथे लोक मला खुर्ची देतात. काकू, बसा. काकू, दमलात का? या कोर्टवर कोणी खुर्ची देत नाही. माझा हँडिकॅप विचारतात आणि मला हरवायला येतात."

हँडिकॅप म्हणजे काय, तर कच्च्या खेळाडूला आधीच काही पॉइंट देऊन ठेवायचे. म्हणजे तिशीतला पोरगा आणि साठी उलटलेली काकू बरोबरीनं भांडू शकतात. आणि काकू भांडायच्या! मी त्यांचा पार्टनर होतो, तरी माझ्याशीच जास्त.

तर मंडळी, मागचं वर्ष. मार्चमध्ये आमचा कोच इंग्लंडला परत गेला. त्याची आई आजारी होती, दोष कुणाचाच नाही. पण तो नुसता कोच नव्हता. या खेळाचे बॉल स्पोर्ट्‌सच्या दुकानात मिळत नाहीत. क्लबचा कोच ते हातानं करतो. बुचाचा गोळा, त्यावर कापडाच्या पट्ट्या, त्यावर दोरा, आणि वरून फेल्टचं, म्हणजे जाड लोकरी कापडाचं, कव्हर सुईनं शिवायचं. खेळून खेळून कव्हर फाटतं, की परत शिवायचं. शिवणारा गेला. म्हणजे आहेत ते बॉल फाटले की खेळ खलास. बिल्डिंगच्या कमिटीनं स्पष्ट सांगितलं, डिसेंबरपर्यंत बघू. कोर्ट रिकामं पडलेलं दिसलं तर तिथे जिम करू.

आम्ही काय केलं? ऑनलाइन मीटिंग घेतली. सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. कोणी म्हणतो सर्व्हे करू, कोणी म्हणतो सबकमिटी करू. मीच म्हणालो सबकमिटी करू. तेवढ्यात काकू अनम्यूट झाल्या आणि म्हणाल्या, "रविवारी दहा वाजता या सगळे. येताना सुई आणा."

आणि गेलो की हो आम्ही! मागे बसलेत ते रिचर्ड, मोठे वकील. त्यांनी उभ्या जन्मात सुई धरली नव्हती. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला आपल्या जोशीमावशी. काकूंनी मदतीला आपल्या मैत्रिणी आणल्या होत्या. त्या मैत्रिणींनी विचारलं, केवढा करायचा गं बॉल? काकू म्हणाल्या, "लाडू वळतो तसा वळा."

झालं! प्रत्येकीच्या घरचा लाडू वेगळा. कुणाचा नैवेद्याचा, कुणाचा डिंकाचा, आणि जोशीमावशींचा थेट रुखवतातला. दुसऱ्या दिवशी ते बॉल कोर्टवर आले. एक छपरावरून घरंगळलाच नाही, तिथेच बसून राहिला. एक रिचर्डच्या रॅकेटवर असा आदळला की ते मनगट धरून खाली बसले. म्हणाले, "शैला, हा बॉल आहे की कलिंगड?"

मी हसून लोळलो. काकू हसल्या नाहीत. त्यांनी हातातली बांगडी काढली. कोचनं केलेला एक जुना बॉल तिच्यातून घालून पाहिला. जेमतेम गेला. अडीचची बांगडी आणि हा बॉल, माप एकच! म्हणाल्या, "यातून अडकला तर उसवा. सुळकन पडला तर अजून गुंडाळा." बायकांना आणखी काही सांगावं लागलं नाही. रिचर्डना मात्र अडीचची बांगडी म्हणजे काय, हे समजावण्यात एक सकाळ गेली.

उन्हाळाभर आम्ही शिवलं आणि खेळलो. लाँग वीकेंडला जोड्या लावून सामने घेतले. सप्टेंबरात दुसऱ्या शहरातल्या क्लबची टीम आली, आमच्याच बॉलनं खेळली आणि आमच्याकडून हरून गेली. काकूंनी त्यांना जाताना चिवडा बांधून दिला.

दिवाळीनंतर काकू खेळायच्या थांबल्या. गुडघा दुखतो म्हणाल्या. गॅलरीत उभ्या राहून स्कोअर पुकारायला लागल्या. खेळत नसल्या तरी रोज येणार, आणि वरून ओरडणार, "अहो रिचर्ड, पळा की!" आता रिचर्ड समोरच्याला चिडवायला स्वतःच म्हणतात, "पळा की." गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. हार्टचा त्रास होता. डॉक्टरांनी खेळायला बंदी केली होती, आणि हे फक्त काकांना माहीत होतं. मला परवा कळलं. खरं सांगू? मला काकूंचा राग आला. पार्टनरला सांगायचं नाही? काका म्हणाले, "तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही तिला खुर्ची दिली असती."

दिली असती, काका. नक्की दिली असती.

डिसेंबरमध्ये कमिटीचे गृहस्थ कोर्ट बघायला आले. रिकामं आहे का, हे पाहायला. आत डबल्स रंगात आली होती. त्यांना मॅच संपेपर्यंत थांबावं लागलं. ती संपली तर पुढचे चौघं दारात उभे. काकूंनी त्या गृहस्थांना बसायला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "वेळ लागेल हं." तेही हसले. त्या आठवड्यात निर्णय आला. कोर्ट राहणार. जानेवारीत नवा कोच आला. त्यानं बॉल उचलला, दाबून पाहिला आणि विचारलं, हे कुणाचं काम? काकूंनी बोट दाखवलं, "त्या वकिलांचं."

मंडळी, आपण वीस-वीस वर्षं इथे राहतो आणि तरी आपल्या कोपऱ्यात पाहुण्यासारखे बसतो. आपलं ते आपलं, त्यांचं ते त्यांचं. शैलाकाकूंनी दुसऱ्यांचा, शेकडो वर्षांचा जुना खेळ आपला मानला, आणि तो अडचणीत आला तेव्हा पदर खोचून उभ्या राहिल्या. मला त्यांचा अभिमान वाटतो. दुःख आहेच. पण अभिमान जास्त आहे, आणि तो मी आज लपवणार नाही.

काल रात्री क्लबमधून काकांना फोन आला होता. शैलाच्या सन्मानार्थ आज दिवसभर कोर्ट बंद ठेवू का, असं विचारत होते. मी शेजारीच होतो. काका म्हणाले, "अजिबात नाही. ते बंद पडू नये म्हणून तर ती शेवटपर्यंत धडपडली."

आत्ता तीन वाजून गेलेत. तीनची मॅच सुरू झाली असेल.

आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या.

काकू, कोर्ट चालू आहे.