शालीचं रूपक

माझ्या पीएच.डी.चं तिसरं प्रकरण कसं सुटलं, ते तुम्हाला सांगितलंय का? विषय मध्ययुगीन प्रेमकथांमधली रूपकं. एका जुन्या दखनी कथेत नायक लढाईत मरतो, त्याचा मित्र त्याची शाल पांघरून नायिकेकडे येतो आणि ती त्याला घरात घेते, जेवू घालते. शाल म्हणजे देह, असं मी वीस पानं लिहिलं होतं. सरांनी दोनदा परत केलं. समासात एकच प्रश्न, "तिला ओळखू आलं नाही?"

वैतागून पिशोरला माहेरी गेले. आमच्या रानात भिवामामा धनगराची मेंढरं खतासाठी बसायला आली होती. मामा एका मेंढीजवळ बसून मेलेल्या कोकराचं कातडं दुसऱ्या कोकराच्या पाठीवर बांधत होते.

"हे कशाला, मामा?"

"हिचं कोकरू मेलं, अन् ह्याची माय मेली. कातड्याला वास हाय, म्हणून ही ह्याला पाजती."

"म्हणजे फसवायचं तिला."

"दोन-तीन दिस. मंग कातडं काढतो."

"मग ढकलून देत असेल."

"नाय. तिला कळतंय हे आपलं नव्हं. पर तवर त्यानं तिचं दूध पेलेलं असतंय ना."

संभाजीनगरला परत येऊन मी वीसही पानं काढून टाकली. त्यांच्या जागी एकच वाक्य लिहिलं: तिला ओळखू आलं, पण तोवर तो तिच्या हातचं जेवला होता.

सरांचा फोन आला. "हे पटलं. संदर्भ कुणाचा?"

"भिवामामांचा, सर. मेंढपाळ आहेत."

"मूळ संदर्भ मेंढीचा आहे. तिचं नाव विचारून घे."